शिक्षेचा टक्का आणि घरातली मारहाण

डिसेंबर २०२४ मध्ये बंगळूरमधील एका तरुण अभियंत्याने पत्नीवर आणि तिच्या माहेरच्या मंडळींवर छळाचा आरोप करणारी दीर्घ चिठ्ठी आणि चित्रफीत मागे ठेवून आत्महत्या केली, आणि पुढचे काही आठवडे वृत्तवाहिन्यांपासून सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत पती आणि सासरच्यांकडून विवाहितेवर होणाऱ्या क्रूरतेला शिक्षा सांगणाऱ्या कलम ४९८अ च्या (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) गैरवापराखेरीज दुसरा विषय नव्हता. पाच महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, पुण्याजवळच्या एका सधन आणि राजकारणात ऊठबस असलेल्या कुटुंबातील सुनेचा मृत्यू झाला, हुंडाबळीचा गुन्हा नोंदला गेला, नवऱ्यासह सासरची मंडळी अटकेत गेली. आणि आता त्याच गटांवर, बहुधा त्याच माणसांकडून, कायदा आणखी कडक करण्याची मागणी होऊ लागली. त्या घरातील थोरल्या सुनेने काही महिन्यांपूर्वीच छळाची तक्रार केली होती, हेही नंतर बाहेर आले. पण त्या तक्रारीचे पुढे काय झाले आणि का झाले नाही, हा प्रश्न दोन-चार दिवसांपलीकडे कोणाला महत्त्वाचा वाटला नाही.

या दोन्ही लाटांत एक आकडा सारखा पुढे केला गेला, तो म्हणजे ४९८अ च्या खटल्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण. एका बाजूचे म्हणणे असे, की इतक्या थोड्या खटल्यांत गुन्हा शाबित होतो, त्याअर्थी बाकीच्या तक्रारी खोट्या असल्या पाहिजेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की इतके थोडे आरोपी शिक्षा भोगतात, त्याअर्थी कायद्याला दात नाहीत आणि शिक्षा वाढवली पाहिजे. माझ्या मते हा आकडा यांपैकी कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. घरातल्या हिंसेबद्दल त्याहून कितीतरी भरवशाचे ज्ञान आपल्यापाशी आहे, त्यातले बरेचसे महाराष्ट्रातच, पोलीस आयुक्तालयाच्या आवारात आणि महापालिकेच्या रुग्णालयांत बसून काम करणाऱ्या माणसांनी मिळवलेले आहे, आणि कायद्याची चर्चा मात्र ते बाजूला ठेवून चालते.

हा टक्का सर्वतोमुखी झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे. २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात न्यायालयाने राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०१२ ची आकडेवारी उद्धृत केली. त्या वर्षी या कलमाखाली १,९७,७६२ जणांना अटक झाली होती आणि त्यांत ४७,९५१ स्त्रिया होत्या. आरोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ९३.६ टक्के होते आणि शिक्षेचे प्रमाण अवघे १५ टक्के. प्रलंबित असलेल्या ३,७२,७०६ खटल्यांपैकी सुमारे ३,१७,००० खटल्यांत आरोपी सुटतील, असा अंदाजही न्यायालयाने नोंदवला. या आधारावर पोलिसांनी ऊठसूट अटक करू नये, अटकेची कारणे लेखी नोंदवावीत आणि दंडाधिकाऱ्यांनी कोठडी देताना ती तपासावीत, असे निर्देश दिले गेले. हे निर्देश योग्यच होते. ते केवळ ४९८अ पुरते नव्हते, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या सर्व गुन्ह्यांना लागू होते, आणि ज्या देशात अटक हीच शिक्षा होऊन बसते तेथे अशा लगामाची गरज होतीच. माझी हरकत निर्देशांना नाही, त्यांच्या पाठीशी उभ्या केलेल्या तर्काला आहे. शेकडा ९३.६ प्रकरणांत पोलिसांना आरोपपत्र ठेवण्याजोगा पुरावा दिसतो आणि शेकडा १५ खटल्यांतच गुन्हा शाबित होतो, हे दोन आकडे शेजारी ठेवले तर विचारायचा प्रश्न असा, की मधल्या वाटेवर काय घडते? निकालाने तो विचारला नाही, आणि पुढे ज्यांनी निकालाचा दाखला दिला त्यांनी पहिला आकडा सोडून दुसरा तेवढा पाठ केला.

मधल्या वाटेवर काय घडते, हे तालुक्याच्या न्यायालयात काम करणारा कोणताही वकील सांगेल. गुन्हा नोंदला जातो, आरोपपत्र दाखल होते, आणि साक्षीपुराव्याला प्रकरण उभे राहीपर्यंत वर्षे जातात. या काळात बाई माहेरी असते, भाऊ-भावजयीच्या घरात तिची अडचण होऊ लागलेली असते, मुलाच्या शाळेचे पैसे भरायचे असतात, आणि दोन्ही घरची मंडळी, गावातली शहाणी माणसे, प्रसंगी दोन्ही बाजूंचे वकीलही तडजोडीची बोलणी लावतात. बहुतेक वेळा बोलणी एकाच मुक्कामाला येतात. स्त्रीधन परत द्यायचे, पोटगीची एकरकमी रक्कम ठरवायची, परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा, आणि बाईने फौजदारी खटला संपवायचा. अडचण अशी, की ४९८अ हा गुन्हा बहुतेक राज्यांत कायद्याने तडजोडपात्र नाही; म्हणजे दोन्ही पक्षांनी अर्ज दिला तरी खालचे न्यायालय तो मिटवू शकत नाही. मग उच्च न्यायालयात जाऊन खटला रद्द करून घ्यायचा, किंवा त्या फेऱ्या आणि खर्च परवडत नसेल तर खालच्या न्यायालयात साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून 'गैरसमजातून तक्रार दिली', 'मला आता नीट आठवत नाही' असे सांगायचे. सरकारी वकील तिला फितूर ठरवून उलटतपासणीचा उपचार पार पाडतात आणि आरोपी निर्दोष सुटतो. पहिल्या मार्गाने गेलेले प्रकरण शिक्षेच्या प्रमाणाच्या हिशेबातूनच बाहेर पडते, कारण ते प्रमाण सुनावणी पूर्ण झालेल्या खटल्यांवर काढले जाते. दुसऱ्या मार्गाने गेलेले प्रकरण सुटकेच्या रकान्यात जमा होते. म्हणजे ज्या बाईला मागितले त्यातले निदान काही मिळाले, तिचा खटला आकडेवारीत 'अपयशी' दिसतो, आणि तो अपयशी दिसतो म्हणून तिच्यासारख्या पुढच्या बाईची तक्रार संशयास्पद ठरते.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे. घरातली हिंसा चार भिंतींच्या आत होते आणि तिचे साक्षीदार बहुधा आरोपीच्याच घरचे असतात, त्यामुळे पुरावा अपुरा पडणे हे या गुन्ह्याच्या स्वरूपातच आहे. महाराष्ट्राला हे फार लवकर आणि फार कटू रीतीने कळले. १९८२ साली पुण्यातील एका नवविवाहितेच्या मृत्यूने शहर हादरले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सारडा खटल्यात सत्र न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले असताना १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कोठेही तुटता कामा नये, यासाठी आज देशभरातील न्यायालये जो निकाल आधाराला घेतात तो हाच. त्या निकालाचा कायद्यातला अर्थ स्पष्ट आहे: गुन्हा निर्विवाद शाबित झाला नाही, म्हणून आरोपीला निर्दोष मानले पाहिजे. पण 'शाबित झाला नाही' यातून 'तक्रार खोटी होती' असे निघत नाही; कायदाही तसे म्हणत नाही, आणि खोटी तक्रार ठरवण्याची प्रक्रिया वेगळी, स्वतंत्र पुराव्यावर चालणारी आहे. खुनाच्या किंवा दरोड्याच्या खटल्यातून आरोपी सुटले म्हणून खून झालाच नव्हता असे कोणी म्हणत नाही. ही सवलत आपण फक्त नवऱ्याला देतो.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण ती टाळल्याने स्त्रियांची बाजू बळकट होत नाही. तक्रारीत नवऱ्याबरोबर सासू-सासरे, परगावी राहणारा दीर, लग्न होऊन गेलेली नणंद, प्रसंगी चुलतसासरे अशी सरसकट नावे घालण्याची रीत पडली आहे, आणि कोणी काय केले याचा तपशील नसताना सगळ्यांवर एकच मजकूर चिकटवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या गीता मेहरोत्रा आणि २०२२ च्या कहकशाँ कौसर या प्रकरणांत अशा मोघम आरोपांवरचे खटले रद्द केले, ते बरोबर केले. साठी उलटलेल्या, प्रत्यक्षात काहीही न केलेल्या माणसाला ठाण्यात बसवून ठेवणे हा अन्यायच आहे. पण ही रीत का पडली याचा शोध घेतला तर ती बायकांच्या कपटातून आली, असे म्हणता येत नाही. बाईला जे हवे असते ते म्हणजे राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा आणि अंगावरचे दागिने. हे सगळे देणारी न्यायालये संथ आहेत, आणि पोलिसांची भीती मात्र लगेच काम करते. नणंदेचे नाव घातले की सासरची मंडळी बोलणीला बसतात, हे वकिलालाही ठाऊक असते आणि ठाणेदारालाही. ज्याला आपण गैरवापर म्हणतो त्याचा बराचसा भाग, माझ्या समजुतीप्रमाणे, दिवाणी उपायाच्या अपयशावर पोसला गेला आहे. ते अपयश दुरुस्त न करता फौजदारी कलम बोथट केले, तर सरसकट नावे घालण्याची रीत कदाचित कमी होईल, पण बाईच्या हाती काहीच उरणार नाही.

न्यायालयांनी नेमका हाच मार्ग पुन्हा पुन्हा धरला आहे. जुलै २०१७ मध्ये राजेश शर्मा प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात कुटुंब कल्याण समित्या नेमून तक्रारी आधी त्यांच्याकडे पाठवण्याचा आदेश झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच मोठ्या पीठाने तो या कारणासाठी मागे घेतला, की कायद्यात नसलेली यंत्रणा न्यायालयाने निर्माण करू नये. तरीही जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची २०२२ ची मार्गदर्शक सूत्रे सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली, आणि त्यांत पुन्हा कुटुंब कल्याण समिती आहे आणि दोन महिन्यांचा 'शांत होण्याचा' अवधीही आहे. त्या दोन महिन्यांत बाईने कोठे राहायचे आणि काय खायचे, याचे उत्तर सूत्रांत नाही. मारहाण हा दोन समान माणसांमधला क्षणिक संताप आहे आणि तो थोडा वेळ दिला की ओसरतो, ही कल्पना त्यामागे दिसते. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांचा अनुभव उलट आहे: बाईने घर सोडल्यानंतरचे किंवा तक्रार केल्यानंतरचे दिवस हेच बहुधा सर्वांत धोक्याचे असतात.

अभ्यासाचा उल्लेख आलाच आहे, तर आपण हिंसा मोजतो कशी, याकडे वळले पाहिजे. पोलिसांच्या नोंदीत जे येते ते घडलेल्यापैकी किती, हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. ठाण्यात 'नवऱ्याने मारले' अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईची महाराष्ट्रात सर्रास एनसी घेतली जाते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या वहीत साधी दुखापत, शिवीगाळ आणि धमकी अशी नोंद होते आणि तिच्या हातात एक कागद देऊन न्यायालयात जाण्याचा सल्ला दिला जातो. स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या राष्ट्रीय तक्त्यात दखलपात्र गुन्हे येतात. ही एनसी तेथे पोहोचतच नाही. २०२२ च्या अहवालात देशभरात स्त्रियांवरील ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांत पती व नातेवाइकांकडून क्रूरता हा वाटा ३१.४ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा होता. हा आकडा मोठा वाटतो, पण तो दाराच्या फटीतून दिसलेला आहे.

ती फट किती अरुंद आहे याचा एक पुरावा मला फार अस्वस्थ करतो. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील भाजून झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्युनोंदणीची वेगवेगळी साधने एकत्र तपासून अभ्यासकांनी अंदाज बांधला, की २००१ या एका वर्षात देशात १,६३,००० हून अधिक माणसे भाजून मेली आणि त्यांत सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ या वयातल्या. पोलिसांच्या नोंदीपेक्षा ही संख्या सहापट होती. यातले सगळे मृत्यू खून किंवा आत्महत्या होत्या असे अभ्यासकांनी म्हटले नाही. स्वयंपाकघरातले अपघात त्यांत आहेतच. पण अपघात वय आणि लिंग पाहून होत नाहीत; हे सगळे अपघातच असते तर सासवाही तितक्याच जळाल्या असत्या. 'स्टोव्हचा भडका उडाल्याने विवाहिता भाजली' ही बातमी वाचत आपली एक पिढी मोठी झाली. त्या बातमीमागे ठाण्यातली अकस्मात मृत्यूची नोंद असे, आणि त्या नोंदीमागे रुग्णालयाच्या खाटेवर, बहुधा सासरची माणसे उशाशी उभी असताना घेतलेला जबाब असे. हे मृत्यू कोणत्याही हिंसेच्या आकड्यात नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पद्धत याच्या अगदी उलट आहे, आणि म्हणून तिच्यावर माझा अधिक विश्वास आहे. प्रश्न विचारणारी प्रशिक्षित असते, घरातली एकच स्त्री निवडली जाते, पूर्ण एकांत मिळाला तरच हिंसेविषयीचा भाग विचारला जातो आणि कोणी आत आले तर प्रश्न थांबवले जातात. 'तुमच्यावर अत्याचार होतो का' असे मोघम न विचारता थप्पड मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, लाथ मारली का, गळा आवळला का, असे एकेक कृत्य विचारले जाते, कारण कित्येक बायकांच्या लेखी थप्पड ही अत्याचारात मोडतच नाही. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले; महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होते. हिंसा सोसलेल्यांपैकी १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली, ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या बहुतेकींनी माहेरचे दार ठोठावले. पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या फारच थोड्या. त्याच सर्वेक्षणात ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानले, आणि ती कारणे म्हणजे सासरच्यांचा अनादर, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष, न सांगता बाहेर जाणे अशी होती. गैरवापराची चर्चा ज्या तक्रारींभोवती फिरते त्या या प्रचंड मौनाच्या काठावरच्या आहेत. पन्नास जणींनी सांगितले म्हणून अस्वस्थ होणाऱ्या समाजाने न सांगणाऱ्या शेकडोंचाही विचार करायला हवा होता.

सांगण्याची जागा कोठे असावी, याचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी शोधले गेले. पुण्यात १९८२ नंतर नारी समता मंचाने काम सुरू केले आणि पुढे 'बोलते व्हा' हे केंद्र चालवले. १९८४ मध्ये टाटा समाज विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच इमारतीत बसणार, पण पोलिसांच्या हुकमाखाली नसणार, अशी ती रचना होती. पुढे राज्य शासनाने ती स्वीकारली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. २००० च्या सुमारास सेहत ही संशोधन संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र उभारले. विचार साधा होता: ठाण्यात न जाणारी बाई जखमेवर पट्टी बांधून घ्यायला रुग्णालयात येते, विष घेतल्यावर आणली जाते, वारंवार गर्भपात होतो म्हणून येते, तेथील परिचारिकेला आणि डॉक्टरला काय पाहायचे आणि कसे विचारायचे हे शिकवले, तर हिंसा लवकर कळेल. ही पद्धत नंतर मुंबईतल्या इतर रुग्णालयांत आणि परराज्यांतही गेली.

या केंद्रांच्या नोंदींतून आणि त्यांवरच्या अभ्यासांतून जे पुढे येते ते दोन्ही लाटांना अडचणीचे आहे. तेथे येणाऱ्या बहुसंख्य बायका नवऱ्याला तुरुंगात धाडण्यासाठी येत नाहीत. त्यांना मारहाण थांबायला हवी असते, घरात राहण्याचा हक्क हवा असतो, पैसा हवा असतो, आणि कोणीतरी अधिकाराच्या जागेवरून नवऱ्याला बजावावे अशी अपेक्षा असते. 'तुला काय हवे आहे' असे त्यांना विचारणारे माणूस कित्येकदा तेथेच पहिल्यांदा भेटते. शिक्षेच्या टक्क्याने बायकांच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणे चुकीचे का आहे, याचे सर्वांत सरळ कारण हेच, की शिक्षा ही त्यांतल्या बहुतेकींची मागणीच नव्हती.

घराच्या हक्काचे महत्त्व आणखी एका अभ्यासाने दाखवले आहे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या पाहणीत, ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर अशा विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के दीर्घकाळ शारीरिक हिंसा सोसत होत्या. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शिक्षण, उत्पन्न आणि इतर कारणे जमेस धरूनही मालमत्तेचा परिणाम टिकून राहिला. जिला जायला जागा आहे तिला मारण्यापूर्वी विचार केला जातो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने बायकांच्या नावावर जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, संगमनेरला परित्यक्तांनी परिषद भरवून पोटगीबरोबर घराचा प्रश्न मांडला, तेव्हा त्यांच्यापुढे अशी पाहणी नव्हती. पण बाई कोणत्या गोष्टीपायी अडून राहते हे त्यांना नीट कळलेले होते.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा याच समजुतीतून आला. तो मुळात दिवाणी आहे: संरक्षणाचा आदेश, सामायिक घरात राहण्याचा आदेश, पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात लिहिले आहे. सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००६ च्या बत्रा निकालाने जवळजवळ पुसून टाकला होता, तो २०२० मध्ये आहुजा प्रकरणात परत मिळाला. मधली चौदा वर्षे घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्या एका कारणावर बायका बाहेर पडत राहिल्या. आणि या कायद्याचा कणा असलेला संरक्षण अधिकारी बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच कामाने वाकलेला असतो. अंगणवाड्या, पोषण आहार, निवडणुकीची कामे सांभाळून त्याने किंवा तिने घटनेचा अहवाल भरायचा, बाईबरोबर न्यायालयात जायचे आणि आदेशाची अंमलबजावणी करून घ्यायची, अशी अपेक्षा असते. मे २०२५ मध्ये, पुण्याजवळच्या त्या मृत्यूवर राज्य पेटलेले असताना, सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना असे अधिकारी नेमण्याचा आदेश द्यावा लागला. कायदा लागू होऊन तेव्हा साडेअठरा वर्षे झाली होती. ती बातमी आतल्या पानावर होती.

आकडेवारीचा खेळ येथेही आहे. या कायद्याखाली गुन्हा होतो तो न्यायालयाचा आदेश मोडला तर, त्यामुळे गुन्ह्यांच्या राष्ट्रीय अहवालात त्याच्या रकान्यात देशभरात वर्षाला काही शेकडा प्रकरणे दिसतात. ते पाहून कायदा कोणी वापरतच नाही असे सांगणारे लेख मी वाचले आहेत. किती बायकांनी अर्ज केले, किती दिवसांत अंतरिम आदेश मिळाला, किती जणी प्रत्यक्षात घरात परत राहू शकल्या, याचा हिशेब कोणतीही शासकीय यंत्रणा नियमितपणे प्रसिद्ध करत नाही.

उलट शिक्षा वाढवण्याचा उत्साह अखंड असतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केले. बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा, तपासाला ठरावीक दिवस, आणि त्याचबरोबर खोट्या तक्रारीला शिक्षा असा तो मसुदा होता. दोन्ही लाटा एकाच विधेयकात सामावून घेण्याचे हे कौशल्यच म्हणायचे. संशोधक आणि स्त्रीसंघटना यांनी तेव्हाच सांगितले होते, की फाशीच्या भीतीने तक्रारी घटतील, कारण आरोपी बहुधा ओळखीतला असतो, आणि खोटेपणाची तलवार डोक्यावर असताना आधीच न बोलणारी बाई आणखी गप्प बसेल. राष्ट्रपतींची मंजुरी त्या विधेयकाला मिळाली नाही. त्यावर झालेल्या चर्चेत संरक्षण अधिकाऱ्यांच्या रिक्त जागांचा विषय मात्र कडेलाच राहिला.

करायला हवे ते फार अवघड नाही, फक्त ते कोणत्याच लाटेवर स्वार होणारे नाही. विधी आयोगाने २०१२ मध्ये सुचवल्याप्रमाणे हा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने तडजोडपात्र करावा, आणि ती परवानगी देण्यापूर्वी न्यायाधीशाने बाईशी एकट्याने बोलून तिच्यावर दबाव नाही आणि ठरलेली रक्कम तिच्या हाती पडली आहे याची खातरजमा करावी. स्त्रीचळवळीतल्या अनेकांचा याला विरोध आहे, कारण त्यांना दबावाची भीती वाटते. ती भीती रास्त आहे. पण दबावाने होणारी तडजोड आजही होते, आणि ती बाईला न्यायालयात खोटे बोलायला लावून होते. तिच्या खोट्या साक्षीवर आधारलेला टक्का मग तिच्याच विरोधात वापरला जातो. तडजोड उजेडात आणली तर निदान तिची स्वतंत्र नोंद तरी होईल. खटला का संपला, याचे रकाने वेगळे करता येतील: पुराव्याअभावी सुटका, साक्षीदार फितूर, तडजोड, आणि तक्रार खोटी असल्याचा निष्कर्ष. न्यायालयांचे निकाल आता संगणकीय पोर्टलवर उपलब्ध होत असल्याने एखाद्या विधी महाविद्यालयाला आपल्या जिल्ह्यातील पाच वर्षांचे ४९८अ चे निकाल वाचून हे वर्गीकरण करता येईल, आणि त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्यापलीकडे राज्य शासनाने प्रत्येक तालुक्याला एक पूर्णवेळ संरक्षण अधिकारी द्यावा, विशेष कक्षातील आणि दिलासा केंद्रांतील समाजकार्यकर्त्यांना मुदतीच्या कंत्राटावर लटकत न ठेवता कायम करावे, आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाने दर सहा महिन्यांनी चार गोष्टी प्रसिद्ध कराव्यात: घटनेचे किती अहवाल भरले गेले, किती अर्ज न्यायालयात गेले, अंतरिम आदेश सरासरी किती दिवसांत मिळाला, आणि आदेशानंतर किती स्त्रिया त्या घरात किंवा पर्यायी निवाऱ्यात राहत आहेत. यातला पहिला आकडा आजच्या आज, कार्यालयातल्या कपाटात पडलेल्या अहवालांवरून काढता येण्यासारखा आहे.